नवी गाडी बाजारात खरोखर चालली का, हे कसे ठरवावे

पुण्यात, विशेषतः भोसरी, पिंपरी, चाकण आणि रांजणगावच्या पट्ट्यात, ‘नवी गाडी चालली का?’ हा प्रश्न केवळ गप्पांचा नसतो. ज्याच्या प्रेस शॉपमध्ये त्या गाडीच्या ब्रॅकेटचे डाय, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणारे साचे, लागलेले आहेत, ज्याने शोरूमसाठी जागा भाड्याने घेतली आहे, किंवा ज्याने पाच वर्षांचे कर्ज काढून ती गाडी दारात आणायचे ठरवले आहे, त्या प्रत्येकाचा पैसा या उत्तरात अडकलेला असतो. मी सुट्या भागांच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम अनेक वर्षे केले. एका नव्या मोटारीच्या बुकिंगचे आकडे वर्तमानपत्रात वाचून आणि वाहन कंपनीच्या पहिल्या तीन महिन्यांच्या शेड्यूलवर, म्हणजे तिने मागवलेल्या मालाच्या वेळापत्रकावर, विसंबून आम्ही डायचा दुसरा संच करून घेतला आणि पत्रा आगाऊ उचलला. सहाव्या महिन्यात शेड्यूल निम्म्याहून खाली आले आणि तो पत्रा वर्षभर आवारात गंजत पडला. त्यानंतर आकडे वाचण्याची जी पद्धत मी हळूहळू बसवली, ती येथे मांडत आहे. वाहन घेणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी पडेल, कारण जी गाडी चालत नाही तिचे सुटे भाग पुढे मिळेनासे होतात आणि विकताना किंमतही येत नाही.

आधी मोजपट्टी ठरवावी

महिन्याला दोन हजार गाड्या खपल्या, हा आकडा चांगला की वाईट, हे त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही. मर्सिडीज-बेंझने २०२४ मध्ये भारतात सर्व मॉडेल मिळून १९,५६५ गाड्या विकल्या आणि ते त्या कंपनीचे उत्तम वर्ष मानले गेले. त्याच वर्षी टाटा पंच ही एकटी गाडी दोन लाखांवर गेली आणि देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. मधल्या आकाराच्या सेडान गाड्यांचा वर्ग आज इतका आक्रसला आहे की महिन्याला हजार-दोन हजार गाड्या विकणारे मॉडेलही तेथे मानाने उभे असते, पण छोट्या एसयूव्हीच्या वर्गात तेवढाच खप असलेल्या मॉडेलचे भवितव्य चिंतेचे असते. म्हणून पहिली तुलना नेहमी त्याच वर्गातील, त्याच किमतीच्या आसपासच्या चार-पाच गाड्यांशी करावी, आणि संख्येपेक्षा त्या वर्गातील वाटा किती टक्के आहे हे लिहून ठेवावे. वर्गच वाढत असेल तर खप वाढूनही वाटा घटत असतो, आणि ही घट सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी मोजपट्टी म्हणजे कारखान्याची क्षमता. कंपनीने किती गाड्यांसाठी यंत्रे, डाय आणि पुरवठादार उभे केले, यावरून तिची स्वतःची अपेक्षा कळते. टाटा नॅनोचे उदाहरण पुणेकरांना जवळचे आहे, कारण तिच्या आरेखनाचे बरेच काम पिंपरीच्या संशोधन केंद्रात झाले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभारलेला होता आणि नॅनोचा सर्वांत चांगल्या वर्षातील, म्हणजे २०११-१२ मधील, खप सुमारे ७४,५०० होता. एरवी पाऊण लाख हा कोणत्याही मोटारीला अभिमान वाटावा असा आकडा आहे. मात्र अडीच लाखांच्या हिशेबाने कमी ठेवलेली किंमत त्या खपावर परवडणे शक्य नव्हते. क्षमतेच्या किती टक्के माल निघतो हे पुरवठादाराला तर घरबसल्या कळते, कारण डाय करताना कंपनीने सांगितलेली वार्षिक संख्या त्याच्याकडे लेखी असते. ती संख्या आणि प्रत्यक्ष शेड्यूल यांचे गुणोत्तर दर महिन्याला मांडावे. माझ्या मते ते साठ टक्क्यांच्या खाली सलग चार महिने राहिले तर डायचा खर्च वसूल होण्याची मुदत नव्याने मोजण्याची वेळ आली असे समजावे.

ज्या गाडीचा वर्गच नवा असतो तिच्याबाबत ही दोन्ही मापे अपुरी पडतात. टाटा एस २००५ मध्ये आली तेव्हा छोट्या चारचाकी मालवाहू गाडीला तुलनेसाठी कोणीच नव्हते. तेथे पाहायचे होते ते इतकेच, की मालवाहू तीनचाकी घेणारा माणूस तिच्याकडे वळतो आहे का. बजाजच्या सीएनजीवर चालणाऱ्या ‘फ्रीडम १२५’ या जुलै २०२४ मध्ये आलेल्या मोटारसायकलीला हेच लागू पडते. तिची तुलना सव्वाशे सीसीच्या पेट्रोल गाड्यांशी करावी की शंभर-एकशे दहा सीसीच्या, हे तिचा ग्राहक पूर्वी काय चालवत होता यावर ठरेल.

एकाच गाडीचे चार आकडे

बुकिंग, उत्पादन, घाऊक विक्री आणि नोंदणी हे चार वेगळे आकडे आहेत आणि बातम्यांमध्ये चारही ‘विक्री’ या एकाच नावाने येतात. त्यामुळे कोणताही आकडा हाती आला की तो या चौघांपैकी कोणता, हे आधी विचारावे.

बुकिंग म्हणजे उत्सुकता. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ला ऑक्टोबर २०२१ मध्ये ५७ मिनिटांत २५,००० आणि स्कॉर्पिओ-एन ला जुलै २०२२ मध्ये अर्ध्या तासाच्या आत एक लाख बुकिंग मिळाले. या दोन्ही गाड्या पुढेही टिकल्या. परंतु त्या टिकतील हे त्या अर्ध्या तासावरून कळले नव्हते, कारण परत मिळणारी छोटी रक्कम भरून अनेक जण दोन-तीन गाड्यांची रांग एकाच वेळी धरतात. पिंपरीत घडलेल्या इंडिकाला १९९९ च्या सुरुवातीला आठवडाभरात १,१५,००० बुकिंग आले, नॅनोला २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक. सुरुवातीला दोघींची चित्रे सारखीच दिसत होती. इंडिकाच्या पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी भरपूर झाल्या, कंपनीने त्या मनावर घेऊन २००१ मध्ये सुधारित ‘व्ही-२’ आणली आणि खरा खप तेथून सुरू झाला. नॅनोचे नेमके उलटे झाले: बुकिंगच्या गाड्या पूर्ण दिल्या जाण्याआधीच, नोव्हेंबर २०१० मध्ये, कारखान्यातून महिन्याभरात अवघ्या ५०९ गाड्या डीलरांकडे गेल्या. म्हणून बुकिंगच्या एकूण आकड्याऐवजी दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, त्यातील किती बुकिंगची प्रत्यक्ष डिलिव्हरी झाली आणि किती रद्द झाली. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, पहिला भर ओसरल्यावर दर महिन्याला नवे बुकिंग किती येते. कंपन्या पहिल्या दिवसाचा आकडा आवर्जून सांगतात. पाचव्या महिन्यातील नव्या बुकिंगचा आकडा त्या सांगत असतील, तर ते आत्मविश्वासाचे लक्षण आहे.

उत्पादनाचा आकडा आपल्या भागात सर्वाधिक फसवतो. नाशिक महामार्गावर चाकणपासून गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरची रांग दिसली की माल जोरात चालला आहे असे वाटते. पण जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री पूर्ण थांबवली आणि तळेगावचा कारखाना मात्र त्यानंतर डिसेंबर २०२० पर्यंत केवळ निर्यातीसाठी चालू राहिला. त्या तीन वर्षांत कारखान्याबाहेर पडणाऱ्या गाड्या मोजून कोणी देशातील मागणीचा अंदाज बांधला असता, तर तो संपूर्ण चुकला असता. पुरवठादाराला निर्यातीचा माल देशी मालाइतकाच मोलाचा असतो, हे खरे. मात्र दोन्हींचे शेड्यूल वेगळे मागून घ्यावे, कारण दोन्हींची पडझड वेगवेगळ्या कारणांनी होते.

घाऊक विक्री म्हणजे कारखान्याने डीलरला धाडलेल्या गाड्या. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ दर महिन्याला जाहीर करते ते आकडे याच प्रकारचे असतात, आणि वर्तमानपत्रांतील ‘सर्वाधिक विकल्या गेलेल्या दहा गाड्या’ ही यादीही बहुतेक वेळा यावरूनच तयार होते. त्या यादीत आणखी एक खोच आहे. स्कॉर्पिओ-एन आणि स्कॉर्पिओ क्लासिक, थार आणि थार रॉक्स, नेक्सॉनची पेट्रोल-डिझेल रूपे आणि विजेवरची नेक्सॉन यांचे आकडे तेथे सहसा एकत्र येतात. एका नावाखाली दोन वेगळ्या गाड्या असताना नवी किती आणि जुनी किती हे न विचारता निष्कर्ष काढू नये. नव्या गाडीने घरातल्याच जुन्या गाडीचे ग्राहक ओढले असतील, तर कंपनीच्या एकूण खपात फारशी भर पडलेली नसते.

नोंदणी, म्हणजे ज्याला आपण पासिंग म्हणतो, हा ग्राहकाच्या सर्वांत जवळचा आकडा आहे. डीलरांची संघटना ‘फाडा’ नोंदणीवर आधारित किरकोळ विक्री जाहीर करते. घाऊक विक्री आणि नोंदणी यांतील अंतर म्हणजे डीलरच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या, आणि माझ्या मते संपूर्ण परीक्षणात याहून बोलकी दुसरी गोष्ट नाही. समजा, एका मॉडेलच्या ३०,००० गाड्या पहिल्या पाच महिन्यांत डीलरांकडे गेल्या आणि २२,००० ची नोंदणी झाली. ८,००० गाड्या यार्डात किंवा रस्त्यात आहेत. सध्या महिन्याला ४,००० नोंदण्या होत असतील, तर हा साठा दोन महिन्यांचा, म्हणजे ६० दिवसांचा झाला. फाडा २१ दिवसांचा साठा योग्य मानते. सप्टेंबर २०२४ मध्ये देशभरातील प्रवासी वाहनांचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला होता. त्या काळात सुमारे ७९,००० कोटी रुपयांच्या गाड्या डीलरांकडे उभ्या होत्या आणि त्यांवरचे व्याज डीलर भरत होते. अशा काळात घाऊक विक्रीचा आकडा उंच दिसला तरी पुढच्या महिन्यांत कारखान्याला माल रोखावाच लागतो, आणि पहिला फटका आपल्या शेड्यूलला बसतो. मात्र अगदी नव्या गाडीबाबत पहिल्या दोन महिन्यांचा साठा दोष म्हणून मोजू नये. देशभरातील प्रत्येक शोरूमला एक गाडी मांडायला आणि एक फेरी मारून दाखवायला लागते. पाचशे शोरूम असतील तर हजार गाड्या तेथेच जातात.

‘वाहन’ डॅशबोर्डवरून मॉडेलपर्यंत

केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा ‘वाहन’ डॅशबोर्ड सर्वांना खुला आहे. त्यावर राज्य, आरटीओ, उत्पादक, इंधन, वाहनाचा प्रकार आणि महिना यांनुसार नोंदण्या पाहता येतात. अडचण एकच: तेथे मॉडेलचे नाव मिळत नाही. तरीही थोडी चिकाटी धरली तर बरेच हाती लागते. उत्पादक आणि इंधन यांची जोडी लावावी. ज्या कंपनीची त्या इंधनावरची एकच गाडी असते, तिचा आकडा आपोआप मॉडेलचा आकडा होतो. बजाजच्या सीएनजी मोटारसायकलीचा माग, वाहनाच्या प्रकारात दुचाकी निवडून तिच्या सीएनजी रिक्षा वगळल्या तर, असाच काढता येतो. जेथे असे जमत नाही तेथे नवी गाडी येण्याआधीच्या बारा महिन्यांची कंपनीची सरासरी नोंदणी काढून ठेवावी आणि नंतरची वाढ तिच्याशी ताडून पाहावी. ही वाढ बाजाराच्या सर्वसाधारण वाढीपेक्षा जास्त नसेल, तर नव्या गाडीने कंपनीला नवे ग्राहक दिलेले नाहीत.

येथे तीन सावधगिरी बाळगाव्यात. एकाच समूहाच्या नोंदी दोन-तीन कंपन्यांच्या नावांत विभागलेल्या असतात. टाटांच्या पेट्रोल-डिझेल मोटारी एका कंपनीच्या नावावर आणि विजेवरच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर नोंदल्या जातात, महिंद्रांचेही तसेच आहे. सगळी नावे निवडली नाहीत तर आकडा अर्धवट येतो. दुसरे, तेलंगणातील नोंदण्या अनेक वर्षे या डॅशबोर्डवर नव्हत्या, त्यामुळे जुन्या काळाशी तुलना करताना राज्यांची यादी तपासावी. तिसरे, वाहनाच्या प्रकारात खाजगी मोटार आणि टॅक्सी वेगळ्या काढाव्यात. टॅक्सी पासिंगचा वाटा मोठा असेल तर गाडी फसली असा त्याचा अर्थ होत नाही. विमाननगर ते हिंजवडी दिवसभर धावणाऱ्या माणसाने ती निवडली याचा अर्थ ती किफायतशीर आणि दणकट आहे. परंतु मोठ्या ताफ्याची मागणी एका करारासरशी येते आणि तशीच थांबते, म्हणून तिच्या भरवशावर डायचा दुसरा संच करू नये.

एमएच-१२ आणि एमएच-१४, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, यांचे आकडे पाहताना आणखी एक भान ठेवावे. आपल्याकडे वाहन कंपन्यांचे कर्मचारी आणि पुरवठादार हजारोंनी राहतात आणि त्यांना स्वतःच्या कंपनीची गाडी सवलतीत मिळते. निगडी-प्राधिकरणात एखादी नवी गाडी प्रत्येक गल्लीत दिसते म्हणून ती देशभर चालली असे मानणे धोक्याचे आहे. मी नेहमी कोल्हापूर, लातूर आणि नागपूर, म्हणजे एमएच-०९, एमएच-२४ आणि एमएच-३१, यांचे आकडे शेजारी मांडून पाहतो. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढ आणि या तिन्ही ठिकाणी उतार दिसला, की घरच्यांनी केलेले कौतुक वजा करावे लागते.

पाडवा, पितृपंधरवडा आणि मार्चअखेर

महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नये हे बहुतेकांना ठाऊक असते, पण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलनाही आपल्या पंचांगामुळे चुकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे सगळे सण पुढे ढकलले गेले. दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही मुहूर्त एकाच महिन्यात आले. त्यामुळे ऑक्टोबरात प्रत्येक गाडीची प्रगती झाल्यासारखी दिसली आणि नोव्हेंबरात घसरण झाल्यासारखी, आणि यात गाडीचा गुणदोष काहीच नव्हता. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता, त्यामुळे मार्च व एप्रिलचेही तेच होते. यावर उपाय सोपा आहे: सप्टेंबर ते नोव्हेंबर हा एक गट आणि मार्च-एप्रिल हा दुसरा गट धरून बेरजांची तुलना करावी. पितृपंधरवड्यात आलेला नीचांक कोणत्याही निष्कर्षासाठी वापरू नये. पाडव्याच्या सकाळी हार घालून नेलेल्या गाडीची नोंदणी आधीच्या दिवसांत झालेली असते, कारण उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागल्याखेरीज डिलिव्हरी मिळत नाही. मुहूर्त महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेल तर नोंदण्या मागच्या महिन्यात पडतात.

नियम आणि कर यांचे धक्केही बाजूला काढावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी बीएस-३ या जुन्या प्रदूषण निकषाच्या वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा दोन दिवसांत दुचाकींवर एवढी सूट मिळाली की शोरूमबाहेर रांगा लागल्या. त्या मार्चचा आकडा कोणत्याच मॉडेलबद्दल काही सांगत नाही. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मधल्या पाच आठवड्यांत ग्राहक थांबून राहिले आणि नंतर एकदम आले. असे महिने वगळून उरलेल्या महिन्यांची सरासरी घ्यावी.

शोरूममध्ये काय विचारावे

कागदावरचे काम झाल्यावर एक शनिवार काढून किमान तीन डीलरांकडे जावे, आणि ते शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना असावेत: एक बाणेर-वाकडकडे, एक हडपसरकडे आणि एक शहराबाहेर, बारामती किंवा नारायणगावसारख्या ठिकाणी. ‘गाडी कशी चालली आहे?’ असे विचारल्यास उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ठरावीक व्हेरिएंट आणि ठरावीक रंग सांगून डिलिव्हरी कधी मिळेल ते विचारावे. सर्वांत महागड्या व्हेरिएंटला तीन महिने आणि मधल्या व्हेरिएंटला तीन दिवस, असे उत्तर आले तर मागणी अरुंद आहे. सगळ्यांना थांबावे लागत असेल तर कारण विचारावे, कारण वेटिंग म्हणजे मागणीच असे नाही. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईमुळे साधारण मागणीच्या गाड्यांनाही महिनोनमहिने लागत होते.

नंतर सवलतीकडे वळावे, आणि रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, फुकट विमा व ॲक्सेसरीज ही सगळी रक्कम एकत्र मोजावी. गाडी येऊन सहा महिने झालेले नसताना किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक सूट सहज मिळत असेल, तर खप ओढूनताणून राखला जात आहे असे मी समजतो. शेवटी दाखवलेल्या गाडीच्या उत्पादनाचा महिना पाहावा. तो गाडीवरील पट्टीवर असतो आणि विचारल्यास सांगितला जातो. एप्रिलमध्ये गेल्या नोव्हेंबरची गाडी पुढे केली जात असेल, तर साठ्याचा आपला हिशेब बरोबर होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये बसलेल्या दोन-चार मालकांशीही बोलावे. तक्रार कोणती, यापेक्षा त्यांनी ती गाडी नात्यात कोणाला सुचवली का, हे विचारावे. आपल्याकडे मोटार भावाने, मेव्हण्याने किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याने सांगितल्यावर घेतली जाते, आणि सहा महिन्यांनंतरचा खप या सांगण्यावरच उभा असतो.

निर्णय कधी द्यावा

पहिल्या तीन महिन्यांवर कोणताही निर्णय देऊ नये. तो काळ जुन्या बुकिंगच्या डिलिव्हरीचा असतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात साठ्याचे दिवस आणि नवे बुकिंग यांवर लक्ष ठेवावे. खरी परीक्षा सातव्या ते बाराव्या महिन्याची. या सहा महिन्यांची, मुहूर्ताचे आणि धक्क्याचे महिने वगळून काढलेली, नोंदणीची सरासरी पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांश राहिली, वर्गातील वाटा टिकला आणि सवलत वाढली नाही, तर गाडी चालली असे मी नि:संकोच म्हणतो आणि डायचा दुसरा संच तेव्हाच मागवतो. हे दोन तृतीयांशाचे प्रमाण माझ्या वहीतील अनुभवाचे आहे. दुचाकीत उतार लवकर दिसतो, व्यापारी वाहनात उशिरा, त्यामुळे आपल्या वर्गातील दोन-तीन जुन्या गाड्यांवर ते आधी पडताळून घ्यावे.

दुसऱ्या वर्षी प्रतिस्पर्धी कंपनीची नवी गाडी येते, तेव्हा पुन्हा एकदा हे सगळे मांडावे लागते; पहिल्या वर्षी वर्गात एकटी असलेली गाडी तेव्हा पहिल्यांदा तोलली जाते. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जुन्या गाड्यांच्या दुकानांत तिची किंमत विचारावी. तीन वर्षांची, चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी दुकानदार किती दिवसांत विकतो आणि मूळ किमतीच्या किती टक्के देतो, हे त्याच वर्गातील दुसऱ्या दोन गाड्यांच्या भावाशेजारी लिहावे. त्या दुकानदाराच्या स्वतःच्या खिशातले पैसे त्या भावात गुंतलेले असतात, म्हणून माझ्या वहीतील शेवटचा रकाना मी त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.